हे एक्केचाळीस कोणाचं?

“हे एक्केचाळीस कोणाचं?”

सारंगने स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर एक्केचाळीस अंश होते. मग त्याने सरांच्या हाताकडे पाहिलं. तापमान मोजणारी वायर सरांच्या हातात होती, मदरबोर्डातून उपटून काढलेली.

“बोर्डाचं, सर.”

“बोर्डाला विचारलं तू? मी विचारून राहिलो, हे एक्केचाळीस कोणाचं?”

“शेवटचं वाचन आहे ते. वायर निघाली, की माझा ड्रायव्हर शेवटचं चांगलं वाचन दाखवत राहतो. मुद्दाम केलंय तसं. चौदा ओळी लागल्या त्याला.”

“चौदा.”

“हो, सर.”

ठोंबरे सरांनी वायर टेबलावर ठेवली आणि ते कॉफी करायला आत गेले.

आता वाद ऐन रंगात आलेला असताना समोरचा माणूस उठून कॉफी करायला गेला, तर बोलणाऱ्याने करायचं काय? सारंगने तीन उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच तोंडात धरून तो बसून राहिला.

सारंग हुपरीकर मूळचा गडहिंग्लजचा, राहायला पुण्यात, पाचव्या मजल्यावर. वय एकतीस. हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला शाळेपासूनच कोणीतरी सांगून ठेवलं होतं, आणि तिथंच सगळं बिघडलं.

मदरबोर्डावर तापमान मोजणारी एक बारकी चिप असते. ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटते. ते पुटपुटणं ऐकून संगणकाला कळेल असं सांगणारा जो दुभाषा, तो ड्रायव्हर. संगणकाच्या पोटात कर्नल म्हणून जो भाग असतो, त्यात असे हजारो दुभाषे बसलेले असतात. सारंगला आपला एक दुभाषा तिथं बसवायचा होता.

त्यासाठी मार्च महिन्यात त्याने नोकरी सोडली. मित्रांना सांगितलं, “कर्नलमध्ये नाव लागणार आहे माझं.” मित्रांनी पाठ थोपटली आणि ते आपापल्या कामाला लागले. सारंग खोलीत राहिला. खोलीत एक टेबल, एक बोर्ड आणि बोर्डावरचा पंखा. नऊ महिने त्या खोलीत पंख्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. हे काम वाया गेलं, तर ते नऊ महिनेही वाया जाणार होते, आणि मग आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

हे कर्नलवाले लोक जगभर पसरलेले, पण त्यांची एक रीत आहे. लिहावं कुणीही. मात्र दुसऱ्या कुणीतरी ओळ न् ओळ तपासून खाली आपलं नाव घातल्याशिवाय ते आत जात नाही. सगळा कारभार ईमेलवर. वर्षानुवर्षं ज्याच्याशी भांडतो, त्याचा चेहरा कसा आहे हेही माहीत नसतं.

तापमानाचे ड्रायव्हर तपासायचे त्र्यंबक ठोंबरे. अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मोजमापाची यंत्रं शिकवून निवृत्त झालेले. अकरा वर्षं हेच काम. पत्र गेलं की दिवसाच्या आत उत्तर. दिवाळी असो, नाहीतर वीज गेलेली असो.

सारंगच्या पहिल्या आवृत्तीला त्यांनी अठरा चुका काढल्या. दुसरीला सात. तिसरीला दोन. सारंग मनात म्हणाला, आता म्हातारा हरला.

चौथ्या आवृत्तीला उत्तर आलं ते एका ओळीचं, आणि तेही प्रश्नच.

वायर काढली तर काय दिसतं?

सारंगने त्याला दोन पानी उत्तर लिहिलं. शेवटचं चांगलं वाचन कसं जपून ठेवलं आहे, वापरणाऱ्याला त्याचा कसा पत्ताही लागत नाही, हे त्याने फार नीट मांडलं होतं. ते पाठवून तो वाट बघत बसला.

एक दिवस गेला. दोन गेले. चौथ्या दिवशी त्याने आठवण पाठवली. नवव्या दिवशी आणखी एक, जराशी नम्र. पंधराव्या दिवशी तिसरी, तीत नम्रता नव्हती.

तेवीस दिवस झाले. उत्तर नाही.

मग सारंगचं डोकं फिरलं. माझं नाव लागलेलं त्यांना बघवत नाही, असं त्याने ठरवून टाकलं. सरांच्या प्रत्येक पत्राखाली गावाचं नाव असायचं, चिखलदरा. त्याने बोर्ड आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून पाठपिशवीत घातला, सुटे भाग मोज्यांमध्ये कोंबले आणि निघाला. पुण्याहून अमरावती, तिथून परतवाडा, तिथून घाट. सगळ्या वाटेवर तो मनातल्या मनात भांडत होता, आणि प्रत्येक वेळी जिंकत होता.

स्टँडवरच्या चहावाल्याने विचारलं, “कोण ठोंबरे?”

“कॉम्प्युटरचं काम करतात. एकटेच असतात.”

“अच्छा, ते सर. शेवटचं घर. त्याच्या पुढं दरीच हाये.”

डिसेंबरातली दुपार होती, तरी वर थंडी चांगलीच होती. शेवटचं घर बसकं, कौलारू. दाराशी कॉफीची दोन झुडपं. सारंगने कडी वाजवली. बराच वेळ काही नाही. मग आत काठी टेकल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

“कोण?”

“सारंग हुपरीकर.”

सरांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“चौथी आवृत्ती.”

“हो.”

“मराठी आहेस ते आडनावावरून कळलं होतं.”

“मलाही तुमच्या आडनावावरून कळलं होतं, सर.”

नऊ महिने दोघं एकमेकांना इंग्रजीत पत्रं लिहीत होते. दोघांनाही ते एकदमच आठवलं असावं.

“मग मराठीत काहून नाही लिहिलं?”

“तुम्ही नाही लिहिलं म्हणून...”

“मी पण म्हणूनच नाही लिहिलं.”

मग सरांनी विचारलं, “कशासाठी आला?”

सारंगने घाटात ठरवलेलं पहिलं वाक्य फार कडक होतं. पण समोर काठीला धरून उभा असलेला किडकिडीत माणूस पाहून ते काही बाहेर आलं नाही.

“तुमचं उत्तर आलं नाही म्हणून.”

दाराची चौकट धरून सर त्याच्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की सारंगलाच अवघडल्यासारखं झालं.

“तुझी तीन पत्रं आली,” ते म्हणाले. “बाकी कोणाचं एक नाही.”

सारंगला वाटलं, तीन पत्रं पाठवली म्हणून बोलणी बसताहेत. तो गुश्शातच म्हणाला, “उत्तर हवं होतं, सर.”

“ये.”

आत एक खाट, एक टेबल, टेबलावर स्क्रीन. खिडकीत औषधांच्या पट्ट्या. घराला माणसांचा वास नव्हता. बोलायला काहीतरी हवं, म्हणून सारंगने कोणीही विचारतं ते विचारलं.

“कसे आहात, सर?”

सर थांबले. खरोखरच कोणी विचारलं असावं, तसे विचार करू लागले.

“आज नाही सांगता येत,” ते म्हणाले.

सारंगच्या मनात आलं, चक्रम आहे. ‘ठीक आहे’ म्हणायला काय जातं? चार अक्षरांचं काम.

सरांनी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हा त्यांच्या हाताची मागची बाजू सारंगला दिसली. तिथं एक निळा-हिरवा डाग होता. सारंगची आई नर्स. सलाइनची सुई बरेच दिवस टोचलेली राहिली, की असा डाग पडतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने डाग पाहिला. आणि मग तो टॉवेलातून बोर्ड काढण्याच्या नादाला लागला. तो ज्या कामासाठी आला होता, त्यात तो डाग बसत नव्हता.

बोर्ड टेबलावर लागला. त्याला एक वायर होती, वायरीच्या टोकाला मसुराएवढा मणी. तो मणी जिथं टेकवाल, तिथलं तापमान स्क्रीनवर येणार. सारंगने तो चिपशेजारी चिकटवला होता. स्क्रीनवर आकडा आला, एक्केचाळीस.

“बघा, सर. कसा स्थिर आहे.”

तेव्हा सरांनी हात पुढे करून वायर उपटली होती, आणि विचारलं होतं, हे एक्केचाळीस कोणाचं.

सर कॉफी घेऊन आले. दुधाविना, गुळाची. सारंगने एक घोट घेतला आणि तोंडात धरलेली तिन्ही उत्तरं एकदम सोडली.

“सर, चिप कधीकधी अडखळते. एखादं वाचन चुकतं. अशा वेळी आकड्याच्या जागी काहीच दिसलं नाही, तर वापरणारा दचकतो. त्याला वाटतं, मशीन गेलं. मी त्याला दचकू देत नाही. त्याच्या भल्यासाठीच आहे ते.”

“मोठं मन आहे तुझं.”

“थट्टा करू नका, सर.”

“बरं. पंखा बंद पडला. बोर्ड तापू लागला. आणि त्याच वेळी ही वायर निघाली. काय दिसन?”

“...एक्केचाळीस.”

“आणि बोर्ड?”

“तापत राहील.”

“आणि बघणारा? निवांत,” सर म्हणाले. “कॉफी पीत बसलेला.”

सारंगने कप खाली ठेवला.

“असं लाखात एकदा होईल, सर.”

“हात दे.”

“काय?”

“हात.”

सारंगने हात पुढे केला. सरांनी वायर पुन्हा बोर्डात खोचली. चिपशेजारचा मणी अलगद सोडवला आणि जरा वेळ हवेत धरला. आकडा उतरत उतरत सोळावर आला. खोली तेवढीच गार होती. मग त्यांनी तो मणी सारंगच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं एकेक करून मिटवली, आणि त्या मुठीवर आपले दोन्ही हात झाकून धरले.

“बघ.”

सतरा. एकोणीस.

तेवीस. सव्वीस.

सारंगला हसू येत होतं. नंतर ते यायचं थांबलं. सरांचे हात खरखरीत होते. आपला हात याआधी कोणी धरला होता, हे तो आठवू लागला. उन्हाळ्यात एका दुकानात कोणीतरी हात मिळवला होता. त्यानंतर नाही. त्याआधीचंही काही नीट आठवेना.

एकोणतीस. एकतीस.

खोलीभर शांतता होती. बोर्डावरचा पंखा तेवढा फिरत होता, पुण्यातला तोच पंखा, तोच आवाज.

तेहतीस.

आकडा तिथं थांबला. सर हलले नाहीत. सारंगही हलला नाही. त्याला वाटत होतं, हे असंच राहावं. म्हाताऱ्याशी भांडायला आलो होतो हे त्याला आठवलं, पण कशावरून, ते क्षणभर आठवेना.

सरांनी हात काढले.

“बाहेर नळ आहे. तोंड धुऊन ये.”

“का?”

“जा.”

सारंग उठला. मागच्या दाराबाहेर नळ होता, त्याच्यापुढे दगडी कठडा आणि मग दरी. नळाच्या पाण्याने हात बधिर झाले. त्याने तोंड धुतलं, वर पाहिलं. दरीत ऊन होतं, पलीकडच्या डोंगरावरही होतं, आणि माणूस कुठंच नव्हता. या माणसाने इथं अकरा वर्षं कुणाशी बोलत काढली असतील? सारंगला उगाचच स्वतःची पाचव्या मजल्यावरची खिडकी आठवली. तिथून शेकडो खिडक्या दिसायच्या. दरी तेवढीच होती.

त्याला फार एकटं वाटलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच तो हे स्वतःशी बोलला.

तो आत आला, तेव्हा सर खुर्चीत बसले होते. वायर पुन्हा उपटलेली. मणी टेबलावर कपाशेजारी पडलेला.

“कुठं गेला होता?”

“बाहेर. तुम्हीच पाठवलंत.”

“खोटं. तू इथंच होता.”

“सर, मी बाहेर होतो. हे बघा, हात ओले आहेत.”

“हे काय म्हणतं, वाच.”

सारंगने स्क्रीनवर पाहिलं.

तेहतीस.

“हे म्हणतं, तू इथं होता. मजेत होता. कोणीतरी तुझा हात धरला होता. आता तुझं ऐकू, का याचं? चौदा ओळी लिहिल्या म्हणतोस. हा खोटं कसा बोलन?”

सारंगला हसायला हवं होतं. तोंड हसण्यासाठी उघडलंही. पण तो दारातच उभा राहिला, हातातून पाणी ठिबकत होतं, आणि टेबलावर एक सारंग तेहतीस अंशांवर सुखात बसला होता.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

रविवार, चार वाजले होते. आई. गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून राबलेली बाई, रविवारचे चार कधी चुकवायची नाही. बोलणंही ठरलेलं. जेवलास काय, ऑफिस काय म्हणतंय, बरा आहेस न्हवं. तो म्हणायचा, जेवलो, चाललंय, ठीक आहे. दोन मिनिटांत फोन खाली.

नोकरी सोडल्याचं त्याने तिला सांगितलं नव्हतं. उगाच घाबरेल. तिच्या भल्यासाठीच होतं ते.

“हॅलो.”

“जेवलास काय?”

“हो, आई. आताच.”

“काय जेवलास?”

“नेहमीचंच.”

बसमध्ये घेतलेल्या बिस्किटांखेरीज सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

“ऑफिस काय म्हणतंय?”

“चाल...”

त्याची नजर स्क्रीनवर गेली. तेहतीस. वायर कपाशेजारी पडलेली.

“हॅलो? आवाज येतोय काय?”

“...”

“सारंग?”

“आई, ऑफिस नाही.”

“म्हणजे? सुट्टी हाय?”

“सोडलं. मार्चमध्ये.”

सर उठले, काठी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर गेले. जाताना त्यांनी दार लोटून घेतलं.

“मार्चमध्ये,” आई म्हणाली.

“हो.”

“आणि मी विचारायची ते...”

“हो.”

ती रडेल, नाहीतर रागावेल, असं त्याला वाटलं. ती दोन्हीपैकी काहीच करेना. नर्स होती ती. जे कळलं ते आधी पूर्ण ऐकून घ्यायची तिची सवय होती.

“आता कसा आहेस?”

ठीक, हा शब्द जिभेच्या टोकावर आलेला. मार्चपासून तोच तर तिथं बसलेला होता, जागा न सोडता.

“कळत नाही, आई. खरंच कळत नाही.”

“मग कळेपर्यंत फोन ठेवू नको,” आई म्हणाली.

त्याने ठेवला नाही. तो खाली फरशीवर बसला, भिंतीला टेकून. दोघं फार बोलले नाहीत. तिकडे कुकरची शिट्टी झाली, ती त्याला ऐकू आली. तिने गॅस बारीक केला, तेही ऐकू आलं. मध्येच ती म्हणाली, “हाय मी.” मध्येच तो म्हणाला, “आहे.” एकदा तो रडला. तिने उगी उगी केलं नाही, नुसतं ऐकून घेतलं. शेवटी तिने विचारलं, “जेवला नाहीस ना?” आणि तो म्हणाला, “नाही.”

“जेव जा,” ती म्हणाली. “मग परत लाव.”

फोन खाली ठेवला तेव्हा दरीतलं ऊन पलीकडच्या डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. सर अजून बाहेरच होते. कठड्याशी बसलेले, पाठमोरे.

सारंगने त्यांना हाक मारली नाही. तो टेबलाशी बसला. नऊ महिन्यांतल्या सगळ्या कामात त्याला ज्या चौदा ओळींचा सर्वांत अभिमान होता, त्या त्याने पुन्हा एकदा वाचल्या. सुरेख होत्या. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नव्हता.

त्याने त्या पुसल्या.

त्या जागी दोनच ओळी लिहिल्या. चिप म्हणाली वायर नाही, तर तसंच सांगायचं. आकडा नाही द्यायचा, मागचा नाही, पुढचा नाही, शून्यसुद्धा नाही.

ड्रायव्हर पुन्हा चालू केला. वायर टेबलावरच होती.

तेहतीस गेलं. त्या जागी एवढंच आलं, की वाचता येत नाही.

सारंग ते बघत राहिला. ओकंबोकं दिसत होतं. असलं काही आपल्या हातून जगापुढे जावं, हे त्याला महिन्यापूर्वी लाजिरवाणं वाटलं असतं. आताही थोडं वाटलंच.

“सर.”

सर मागच्या स्वयंपाकघरातून आत आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताटली. ताटलीत दोन भाकऱ्या आणि वर ठेचा. भाकऱ्या सकाळच्या असाव्यात. दार लोटलेलं असलं, तरी ते पातळ होतं, एवढं सारंगच्या लक्षात आलं.

सरांनी ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि चष्मा लावून स्क्रीन पाहिला. मग दोन ओळी पाहिल्या. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दोन ओळी वाचायला कोणी इतका वेळ घेतलेला सारंगने पाहिला नव्हता.

“ही पाचवी,” सारंग म्हणाला.

“हं.”

“नाव घालाल खाली?”

सरांनी खुर्ची ओढली, बसले आणि टाइप करू लागले, एका बोटाने. पत्राची भाषा इंग्रजीच होती, सगळ्या जगाने वाचायचं होतं ते. पण सारंगच्या नावापुढे त्यांनी, कोण जाणे कशासाठी, मराठीत ‘चि.’ लिहिलं, आणि मग खाली आपलं नाव घातलं.

सारंगच्या डोळ्यांपुढे ते नाव जरा पुसट झालं. नऊ महिने ज्याची वाट पाहिली ते हे. त्याला वाटलं होतं, उडी मारावीशी वाटेल. त्याला भूक लागली होती एवढंच. त्याने भाकरी मोडली.

दोन घास झाल्यावर जुनी खोड पुन्हा वर आली.

“पण सर, एक सांगू? लोक घाबरणार.”

“कोण?”

“वापरणारे. चांगला आकडा दिसत होता, आणि अचानक हे. वाचता येत नाही. घाबरणारच.”

“घाबरतील.”

“मग?”

सर पत्र पाठवायला वाकले. बाही वर सरकली. हातामागचा तो निळा-हिरवा डाग पुन्हा दिसला, आणि त्याच्या वर, मनगटापाशी, दुसरा. त्याच्याही वर तिसरा. या वेळी सारंगने नजर काढली नाही. खिडकीतल्या औषधांच्या पट्ट्या त्याने मोजल्या. काठीकडे पाहिलं. ती नवी होती, तिच्या मुठीवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

त्याचा घास हातातच राहिला.

“सर... तुम्ही दवाखान्यात होता?”

सरांनी पत्र पाठवलं. चष्मा काढला, घडी घातली. मग ते सारंगकडे वळले.

“होतो. तेवीस दिवस मी उत्तर दिलं नाही,” ते म्हणाले. “म्हणूनच तू आला ना.”